ओरव्हल टीगचा गार ट्रेलर

ओरव्हल टीगच्या टेबलावर जुलै महिन्यात लोणी घट्ट राहायचं, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. टपालवाल्या बाईला सांगायचा, पाण्याचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाला सांगायचा. मला तर त्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की तो तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचे, "कळलं रे बाबा, घट्ट आहे." तो चिडायचा नाही. उलट आत जाऊन बशीच घेऊन यायचा.

हसू नका. आमच्याकडे जुलैत लोणी घट्ट ठेवणं हा पराक्रमच आहे. ॲरिझोनात नदीच्या काठी खडी पसरलेलं एक मैदान, त्यावर ओळीनं उभे केलेले ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची पत्र्याची घरं, हे आमचं पार्क. हिवाळ्यात इथं जागा मिळत नाही. उत्तरेकडचे लोक बर्फ चुकवायला येतात, पत्ते कुटतात, एकमेकांचे वाढदिवस करतात, आणि एप्रिल लागला की खुर्च्या मिटून आपापल्या गावी पळतात. मागे उरतो आम्ही. कुणाला जायला दुसरं घर नाही, तर कुणाचा ट्रेलर हलवला तर चाकं इथं आणि छप्पर तिथं अशी गत. माझी दोन्ही कारणं आहेत. उन्हाळ्यात इथं गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं, म्हणून आंघोळीचं पाणी पहाटेच बादलीत धरून ठेवायचं. गाडी चालवायची तर हातमोजे घालून. आणि दाराच्या कडीला दुपारी उघडा हात लावायचा नाही.

या उरलेल्या लोकांचे दोन नेम आहेत. सकाळी उठलं की दाराच्या कडीला एक फडकं अडकवायचं. फडकं दिसलं म्हणजे आतलं माणूस धड आहे. न्याहारीच्या वेळेपर्यंत दिसलं नाही, तर शेजाऱ्यानं जाऊन दार ठोकायचं. दुसरा नेम असा, की फडकं असेल तर ऊन चढल्यापासून उतरेपर्यंत कुणाचं दार वाजवायचं नाही. दार उघडलं की सकाळपासून जमवलेला गारवा एका दमात बाहेर जातो, आणि मग तो परत जमवायला संध्याकाळ होते. दुपारी दार वाजवणारा माणूस आमच्याकडे विमा विकणाऱ्यापेक्षा नकोसा. हे नेम कुणी केले माहीत नाही. पण उन्हाळ्यात पार्कची देखरेख ओरव्हलकडे असायची, आणि ते पाळले जातात की नाही हे तो डोळ्यात तेल घालून बघायचा.

ओरव्हल मूळचा डोंगरातल्या ग्लोब गावचा. तांब्याच्या खाणीत हवा खेळती ठेवायचं काम त्यानं आयुष्यभर केलं. खोल खाली दगडच तापलेला असतो, तिथं वरून गार हवा ढकलायची आणि वाटेत कुठं गळू द्यायची नाही, हे ते काम. एक फट राहिली तर शेवटच्या बोगद्यातली माणसं घुसमटतात, असं तो सांगायचा. ती फट त्याच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. माझ्या दाराखाली बोटभर जागा होती, तर तो ती बघून अस्वस्थ व्हायचा. मी नसताना येऊन त्यानं तिथं रबर ठोकून टाकलं.

ट्रेलर कसा गार ठेवायचा हे आमच्यातल्या बहुतेकांना त्यानंच शिकवलं. फ्रिजची बाजू उत्तरेला करून उभा करायचा. छपराला पांढरा जाड रंग द्यायचा. छपरातल्या झरोक्यात उशी कोंबायची. खिडक्यांना आतून चंदेरी पन्नी चिकटवायची. स्वयंपाक बाहेर, आणि तोही सूर्य वर यायच्या आत. एसी लावायचा तो सकाळीच, कारण एकदा पत्रा तापला की तो गार करणं एसीच्या बापालाही जमत नाही. माझ्याकडे एसी नाही, पाण्याचा कूलर आहे. कूलरला खिडकी उघडी लागते, नाहीतर आत नुसतं दमट होतं. ती उघडी खिडकी ओरव्हलला बघवायची नाही.

"डेल्मा, तू अख्खं वाळवंट गार करायला निघालीयस."

"निघालेय. तुझं काय जातंय?"

"माझं काय जाणार? मरशील एखाद दिवशी उकडून."

"मग तू ये फडकं बघायला."

आमची मैत्री ही अशी होती.

त्याची बायको मॅव्हिस. ग्लोबला चढावर त्यांचं घर होतं, आणि पुढच्या खोलीत मॅव्हिस बायकांचे केस कापायची. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीशी खुर्ची. गावातल्या निम्म्या बायकांची डोकी त्या खुर्चीत बसून गेली. येणाराजाणारा काचेवर टकटक करून पुढं जायचा. ओरव्हलची नोकरी संपली तशी त्याला देश बघायची हुक्की आली. खाणीत इतकी वर्षं काढल्यावर त्याला रस्ता हवा होता. त्यानं घर विकलं, एक मोठी गाडी आणि हा ट्रेलर घेतला, आणि दोघं निघाले. काही उन्हाळे वर डोंगरात, काही समुद्राकाठी. मग गाडी दमली, ओरव्हलचे गुडघे दमले, आणि ट्रेलर आमच्या पार्कात येऊन टेकला तो टेकलाच. मॅव्हिसनं इथंही कात्री चालू ठेवली. माझे केस तीच कापायची, बाहेर, मेस्कीटच्या काटेरी झाडाच्या सावलीत, काटे चुकवत.

तिचं काहीतरी बिनसलंय हे मला तिथंच कळलं. डावी बाजू नेहमीसारखी छान कापून झाली, आणि कात्री थांबली. मी वाट बघितली. वळून पाहिलं, तर ती कात्रीकडे बघत उभी.

"डेल्मा," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आता पुढं काय करायचं असतं?"

मी म्हटलं, "बस थोडी, पाणी पी." उजवी बाजू तशीच राहिली. मी बरेच दिवस तशीच हिंडले, कारण दुसरीकडून कापून घ्यायला मन होईना.

गावातल्या दवाखान्यातल्या नर्सनं ओरव्हलला बजावलं, की तिला उष्णता अजिबात चालणार नाही, डोकं आणखी बिघडेल, तिला गारव्यात ठेवा. झालं. ओरव्हलला दुसरं काय सांगायला हवं होतं? वसंतातच त्यानं कामाला सुरुवात केली. पन्नीचा एक थर होता तिथं तीन झाले. न्हाणीघरातला टीचभर झरोका बुजला. दाराला छोटी काच होती, तिच्यावर पत्रा आला. दाराच्या आत जाड काळा पडदा आला, म्हणजे दार उघडलं तरी ऊन आत शिरू नये. दिवासुद्धा अगदी लागेल तेव्हाच, कारण दिवाही ऊब सोडतो म्हणे. काम झाल्यावर त्यानं मला आत नेऊन दाखवलं. मला माझा हात दिसेना.

"कसं काय?" तो अंधारातून म्हणाला.

"गार आहे," मी म्हणाले. होतंच गार.

मग खरा उन्हाळा सुरू झाला आणि मॅव्हिस दिसेनाशी झाली. आधीच्या वर्षी ऊन उतरलं की ती बाहेर येऊन प्लॅस्टिकच्या टबात पाय सोडून बसायची. आता ओरव्हल एकटाच दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा, दाराकडे कान देऊन. फडकं मात्र रोज सकाळी वेळेवर लागायचं. फडकं असल्यावर कोण कशाला दार वाजवणार? सगळे नेमानं वागत होते.

"मॅव्हिस कुठाय?"

"झोपलीय."

"आत्ता?"

"दिवसा झोपते. रात्रभर फिरते." नदीकडे बघत तो म्हणाला. "मला घाबरते, डेल्मा. म्हणते, तुम्ही कोण? माझ्या नवऱ्याला बोलवा. मी म्हणतो, अगं मीच तो. ती म्हणते, उगाच काहीतरी सांगू नका, तो खाणीवर गेलाय, त्याची रात्रपाळी आहे."

"मग तू काय करतोस?"

"दूर बसतो. कोपऱ्यात."

मला फार वाईट वाटलं. लग्नाच्या बायकोपासून लपून कोपऱ्यात बसायचं, तेही त्या पत्र्याच्या डब्यात, जिथं कोपरा म्हणजे चार पावलांवर. पण आजार वाढतोय, असंच मीही समजले. सगळ्यांनीच तसं समजून घेतलं.

जुलै संपत आला असेल. भर दुपार होती, पार्कात कुत्रंही हलत नव्हतं. मी कूलरजवळ बसून माझ्या त्या बदनाम खिडकीतून बाहेर बघत होते, तर टीगचं दार उघडलं आणि मॅव्हिस बाहेर आली. अंगात झोपायचा झगा, खांद्यावर चादर, पाय उघडे. ती दोन पावलं आली, थांबली, डोळे गच्च मिटले. आमच्या जुन्या माणसांना उन्हाळ्यात रात्री अंगणात झोपायची सवय असते, चादर ओली करून अंगावर घ्यायची. ती रात्र समजून झोपायला बाहेर आली होती.

मी कशी धावले मला आठवत नाही. खडी इतकी तापलेली होती की माझ्या चपलांतून चटका बसत होता. ती ओरडत नव्हती. तेच भयंकर होतं. उभी राहून एक पाय उचलत होती, मग दुसरा, आणि म्हणत होती, "काय झालंय रे, काय झालंय?" मी तिला कमरेत धरून उचललीच. तिचं वजन एवढंसं झालं होतं.

माझ्या ट्रेलरमध्ये आणून तिला खिडकीशी बसवलं, पाय पहाटेच्या बादलीत सोडले. तळव्यांना फोड आले होते. मी घाबरले होते, आणि घाबरले की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. मी ओरव्हलला, देवाला, पार्काला, सगळ्यांना शिव्या घालत होते. ती मात्र हळूहळू शांत झाली. खिडकीतून उजेड येत होता. तिनं बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं.

"डेल्मा, हे केस कुणी कापले तुझे?"

"तूच."

"मी असले कापीन?" आणि ती हसली. मग खिडकीच्या काचेवर बोट ठेवून म्हणाली, "तुझ्याकडे दिवस आहे. आमच्याकडे रात्र संपतच नाही गं."

मी बादलीत तिचा पाय तसाच धरून बसले. डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

ओरव्हल कपडे धुवायच्या खोलीत गेला होता. दार उघडं बघून तो पार्कभर तिला हाका मारत फिरला आणि मग माझ्याकडे धावत आला, लाल होऊन, धापा टाकत. मॅव्हिसनं त्याच्याकडे मान वळवली. त्यानं सवयीनं दोन पावलं मागं घेतली, ती घाबरू नये म्हणून.

"ओरव्हल," ती म्हणाली, "शर्ट उलटा घातलायस."

किती आठवड्यांनी तिनं त्याचं नाव घेतलं होतं कोण जाणे. तो दारात उभा राहून रडायला लागला. मी दार उघडंच राहू दिलं.

पायांना पट्ट्या बांधणाऱ्या नर्सनं विचारपूस केली, आणि ओरेगनमध्ये राहणाऱ्या त्यांच्या मुलीला फोन केला. मुलगी रॉंडा दुसऱ्याच दिवशी आली. मुलगी वाईट नव्हती, उलट बापावर फार जीव. पण ट्रेलरच्या अंधारात दहा मिनिटं बसली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. आई आत गेल्या गेल्या पुन्हा "तुम्ही कोण" वर आली होती, आणि या वेळी ते मुलीला विचारलं होतं.

"डॅडी, मी आईला घेऊन जाते. आमच्या गावात अशा लोकांसाठी जागा आहे. चांगली आहे, थंड हवा आहे."

"आणि मी?"

"तू पण ये ना. माझ्याकडे राहा. रोज तिला भेटायला जाता येईल."

"भेटायला," ओरव्हल म्हणाला.

"शनिवारी विमान आहे. पाय भरेपर्यंत थांबते मी. डॅडी, बघ ना तिच्याकडे, तुला नाही झेपत आता हे."

तो उठून निघून गेला. मी त्याच्या मागं गेले, कारण मला गप्प बसवत नव्हतं. नळाशी गाठलं त्याला.

"ओरव्हल, आजार आहे तो आहे. पण तिला दिवसच दिसत नाही. माझ्या खिडकीत बसली तर तुला ओळखलं तिनं. पन्नी काढ."

"पन्नी काढ!" तो माझ्यावर ओरडला. "उजेड म्हणजे ऊन, डेल्मा! ऊन आत आलं की ती मरेल. तुला काय जातं सांगायला?"

"मग दिवा तरी लावत जा दिवसभर."

"लावून बघितला. दिवा लावला की तिला संध्याकाळ वाटते. जेवायला कोण कोण यायचंय विचारते, आणि मग पुन्हा रात्र." त्याचा आवाज बसला. "म्हणजे मीच तिला या अवस्थेला आणलं, असं म्हणायचंय तुला?"

काय सांगणार? मी म्हणाले, "तू तिला गार ठेवलंस. सांगितलं होतं तेवढं केलंस." माझ्या तोंडून एवढं गोड बोलणं क्वचितच निघतं. त्याला ते लागलं, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तोडगा चुय आर्मेंतानं काढला. चुय वेल्डिंगचं काम करतो, पार्कच्या टोकाला राहतो, आणि दुसऱ्याचं दुःख त्याला ऐकवत नाही, लगेच काहीतरी करायला उठतो. नळाशी आमची कडाक्याची जुंपलेली त्यानं ऐकली होती.

"मिस डेल्मा, म्हाताऱ्याला सांगा, ऊन घरात आल्यावर अडवतोय कशाला? बाहेरच अडवायचं. माझ्या आजीच्या दारात मांडव होता. नळ्या मी उभ्या करतो, वर खजुराच्या झावळ्या टाकू. पत्र्याला ऊन शिवणारच नाही. मग खिडकी उघडी ठेवा की."

ओरव्हलनं आधी नाक मुरडलं. "झावळ्यांत विंचू होतात."

"होतात. झाडू आहे ना?"

"पार्कात बांधकाम करायला मनाई आहे."

"मनाई करतो कोण?" चुय म्हणाला. "तूच की. गेल्या वर्षी मला केली होतीस."

शनिवारच्या आत मांडव उभा राहायला हवा होता, नाहीतर मॅव्हिस जाणार होती. सगळं काम पहाटे, सूर्य डोंगराआड असेपर्यंत. चुयनं लोखंडी नळ्या जोडल्या. खजुराच्या बागेतून छाटलेल्या झावळ्या तो ट्रक भरभरून आणत होता. उन्हाळ्यात उरलेली, कंबर धरून चालणारी मंडळी सगळी बाहेर आली, कुणी झावळी देतंय, कुणी तारेनं बांधतंय, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला शहाणपण शिकवतंय. रॉंडा पण शिडीवर चढली. मॅव्हिसच्या बाजूला चुयनं मांडव उतरता पुढं आणला, म्हणजे तिच्या खिडकीतून नदी दिसेल, पण ऊन काचेला लागणार नाही.

पन्नी ओरव्हलनंच काढायची, असं मी ठरवलं होतं. त्याचे हात चालेनात. त्यानं ती इतक्या निगुतीनं चिकटवली होती की चाकूनं खरवडावी लागली, आणि प्रत्येक पट्टी निघाली की तो ती घडी करून बाजूला ठेवायचा, परत लावायची असल्यासारखी. मोठी खिडकी मोकळी झाली तसं आत काय काय दिसायला लागलं. न धुतलेल्या बश्या. एका कोपऱ्यात जमिनीवर गादी, त्याची. मॅव्हिस पलंगावर पाय पसरून बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरला, मग बोटांच्या फटीतून बघितलं.

"सकाळ झाली," ती म्हणाली.

ट्रेलर पूर्वीइतका गार राहिला नाही. खोटं कशाला सांगू? दुपारी एसी घरघरायचा आणि लोणी बशीत पसरायचं. पण आत माणूस राहू शकत होतं, आणि दिवस होता. हळूहळू ती रात्री झोपायला लागली. बरी झाली नाही, होणारही नव्हती. चमचे फ्रिजमध्ये सापडायचे. पण ती त्याला घाबरायची थांबली. पन्नी निघाली त्याच आठवड्यात, शुक्रवारी, तिनं रॉंडाला हाक मारून तिचे केस मोकळे केले आणि वेणी घातली, अर्ध्यात न थांबता. रॉंडानं फोन करून आपलं एकटीचं तिकीट राहू दिलं आणि आईचं रद्द केलं. ओरव्हलनं ते ऐकलं. तो बाहेर जाऊन उगाच नळ्या हलवून बघत राहिला, घट्ट आहेत की नाही.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे होते. रॉंडाची बॅग दारात होती. मॅव्हिस खिडकीशी, हातात कॉफी. ती बराच वेळ आत सगळीकडे बघत होती, भिंत, छप्पर, शेगडी, पुन्हा भिंत.

"ओरव्हल, हा ट्रेलर आहे."

"हो."

"आपण इथंच राहतो?"

"हो, मॅव्हिस."

"माझं घर विकलंस."

रॉंडा घाईनं म्हणाली, "आई, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं ना ते?"

"तो बोलला, मी गप्प बसले," मॅव्हिस म्हणाली. आवाज चढला नव्हता, चांगला स्वच्छ होता. "तुझा बाप त्याला मिळून ठरवणं म्हणतो."

मी कॉफीच्या कपात बघत राहिले. इतकी वर्षं शेजारी काढली, या बाईच्या तोंडून घराबद्दल एक चकार शब्द मी ऐकला नव्हता. ओरव्हलनंही नव्हता ऐकला, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. इतका संसार झाला, आणि ती हे गिळून बसली होती. आता काय गिळायचं आणि काय नाही, हे सांभाळणारं जे काही माणसाच्या आत असतं, ते तिच्यातून गेलं होतं.

"मला खिडकी होती," ती म्हणाली. "माणसं यायची माझ्याकडे. तू मला विचारलं नाहीस. तुला रस्ता बघायचा होता. मला काय बघायचं होतं, ते विचारलंस कधी?"

"नाही," ओरव्हल म्हणाला.

"का नाही विचारलंस?"

त्यानं तिच्या हातातला कप घेतला, कारण तो तिरपा व्हायला लागला होता. ती क्षणभरानं नदीकडे बघायला लागली, आणि मग एक बगळा दिसला म्हणून आम्हाला दाखवायला लागली.

जाताना रॉंडा माझ्यापाशी गाडीशी थांबली. "आधी ती त्याला घाबरायची," ती म्हणाली. "आता रागावते. यातलं बरं कोणतं म्हणायचं, मिस डेल्मा?" मी तिच्या वेणीतली सुटलेली बट आत खोचली.

आणि राग तेवढ्यावर थांबला नाही. विसरायची म्हणून रोज नव्यानं सुरू व्हायची. उजेड झाला, कॉफी झाली, की ती आजूबाजूला बघायची, तिला कळायचं, आणि ती विचारायची. ओरव्हल रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकायचा आणि रोज खरं सांगायचा. हो, विकलं. नाही, विचारलं नाही. ऑगस्टच्या दमट हवेत तो पार खंगला. गालफडं बसली, शर्ट लोंबायला लागला. गारव्याबद्दल तो आता कुणाला काही सांगत नसे, आणि मला त्याच्या त्या बढाईची आठवण यायची.

एका दुपारी उकाडा फार होता. आम्ही दोघं मांडवाखाली बसलो होतो, बाटल्यांवर ओली फडकी गुंडाळून. आत मॅव्हिसचं सकाळपासून चाललं होतं, त्या दिवशी जरा जास्तच. मला त्याची दया आली. मी जन्मभर ज्याच्यासाठी भांडले त्याच्या उलट बोलले.

"ओरव्हल, दुपारपुरती एक पन्नी लाव तिच्या खिडकीला. गारही होईल, आणि ती झोपेल जरा. तुला दोन घटका शांतता."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं काहीतरी मागत होते.

"नको," तो म्हणाला. "ती माझ्याशी बोलतेय."

आतून हाक आली. "ओरव्हल! कुठं गेलास? आत ये, माझं बोलणं संपलेलं नाही."

"आलो," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला.